मांडीवरचा बाजा

मुरबाडहून कल्याणला जाताना जीपमध्ये माझ्याशेजारी एक म्हातारा बसला होता. मांडीवरची चामड्याची पिशवी तो तान्ह्या बाळासारखी थोपटत होता. खड्डा आला की ती विव्हळायची.

"बाबा, बकरू हाय का?" ड्रायव्हर हसला.

"बाजा हाय, पिशवीत फुंकून वाजवायचा. पणजा स्कॉटलंडच्या गोऱ्या पलटणीत शिकला. पलटण मोडली, बाजा आमच्या घरात ऱ्हायला."

मागच्या सीटवर बसलेला माझा मुलगा लष्कराच्या बँडमध्ये भरती व्हायला निघाला होता. त्याचा ट्रम्पेट माझ्या मांडीवर होता. बँडवाल्याला लढाई नसते, असे समजून मी हो म्हटले होते. मी हळूच विचारले, "वाजवणारा मागंच असतो ना?"

"नाय गो बाय, सगल्यांच्या पुढं. हातात बंदूक पन नाय. माझा आजा तसाच गेला."

मी ट्रम्पेट पोटाशी ओढून धरला.

कल्याणला मुलगा म्हणाला, "आये, ट्रम्पेट दे."

तोंडाने मी "घे" म्हटले, पण बोटे सुटेनात.