वरचा दीड मीटर

इग्नात्स सुताराला आमच्या गावात कुणी नास्तिक म्हणत नाही, तोंडावर तर नाहीच. रविवारी चर्चची घंटा झाली की तो दुकानात रंधा मारत बसतो, एवढंच. आणि त्या आवाजाकडे सगळं गाव कानाडोळा करतं.

ग्राउनोकच्या शिखरावरचा जुना क्रूस त्यानेच घडवलेला. नाताळाच्या आधी, चंद्र उतरणीला असताना तोडलेलं लार्चचं लाकूड. ते तडकत नाही. साडेपाच मीटर उंच. बारा बाप्यांनी खांद्यावरून वर नेला. मग दरीपलीकडच्या मित्तरबाख गावाने त्यांच्या डोंगरावर सहा मीटरचा उभारला, आणि आमच्या लोकांचा घास घशात अडकला.

"त्यांच्यासमोर आपला क्रूस म्हणजे वाटाण्याच्या वेलाला लावलेली काठी," गावप्रमुख प्रांटल खानावळीत म्हणाले. "इग्नात्स, काहीतरी कर बाबा."

"देवाला उंची लागते होय?" खानावळवालीने विचारलं.

"देवाला नाही गं. मित्तरबाखवाल्यांना लागते."

सगळे खदखदून हसले. सगळ्यात जास्त इग्नात्स. त्याच उन्हाळ्यात त्याने क्रूसाच्या डोक्यावर दीड मीटरचा खांब चढवला, त्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. सात मीटर झाले. ऊन पडलं की मित्तरबाखच्या लोकांचे डोळे दिपत.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्याची मुलगी वाल्बुर्गा, घरची बुर्गी, दोन मैत्रिणींबरोबर वर गेली. एकोणीस वर्षांची, दमसासाची, सगळ्यांच्या पुढे. शिखर गाठलं की आधी क्रूसाला हात लावायचा, मग एकमेकांचे हात हातात घ्यायचे, ही आमची रीत. मैत्रिणी अजून खालच्या खडकापाशी होत्या. ढग अगदी छोटा होता, असं त्या सांगतात. वीज तांब्यावर पडली.

लाकूड उभं चिरलं. नवा क्रूस वर्षाने आला. शहरातून, पोलादाचा, हेलिकॉप्टरने. उंची तीच, सात मीटर. खाली पितळी पाटी: 'इथे देवाने वाल्बुर्गाला आपल्याकडे बोलावलं.'

क्रूस नि पाटी बसवायच्या आधी इग्नात्स पंचायतीत जाऊन उभा राहिला.

"क्रूस नको. आणि तिचं नाव तर मुळीच नको."

"डोंगर सरकारी आहे, इग्नात्स," प्रांटल म्हणाले. "म्हणजे सगळ्यांचा."

"मग माझाही असेल की थोडा."

फादर एंगेलबर्टनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. देवाने बोलावलं, यात केवढा दिलासा आहे."

"देवाने नाही बोलावलं, फादर. मी बोलावलं. दीड मीटर वर चढवून."

"असं मनाला लावून घेऊ नये."

"मी लावून घेतलं तर तुम्हालाही थोडं लागेल ना. देवाच्या नावावर टाकलं की अख्खी खानावळ सुटली."

प्रांटलनी विषय क्रमांक चार वाचायला घेतला.

क्रूसाच्या आशीर्वादाच्या दिवशी तो वर गेला नाही. आठवड्याने गेला, खिशात पाना घालून. पाटीला चार बोल्ट होते. दोन काढून झाले तेव्हा वाटेवर काठीचा आवाज आला. बायको. झेन्सीचे गुडघे गेलेत, ती चर्चच्या पायऱ्यासुद्धा धरून धरून चढते.

"कशी आलीस?"

"बसत बसत. पहाटे तू पाना घेतलास तेव्हाच कळलं मला." ती पाटीपाशी टेकली. "किती राहिले?"

"दोन."

तेवढ्यात व्हिएन्नाकडचा कुणी गिर्यारोहक वर आला, क्रूसाला हात लावून त्याने दोघांचे हात हातात घेतले. इतक्या उंचीवर आमच्यात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मंत्री असो की गवळी. त्याने लटकलेली पाटी सरळ धरून मोठ्याने वाचली.

"वाल्बुर्गा. कोण होती रे ही?"

"आमची मुलगी," झेन्सी म्हणाली. "बुर्गी म्हणायचो."

त्याने टोपी काढली. "बुर्गी," असं एकदा म्हणाला, आणि पलीकडे जाऊन पाव नि खारवलेल्या मांसाची पुरचुंडी सोडून बसला.

"ऐकलंस?" झेन्सी हळूच म्हणाली. "खाली गावात वर्ष झालं, माझ्यासमोर तिचं नाव कुणी काढत नाही. मी दुकानात शिरले की बोलणी थांबतात. तूसुद्धा 'ती' म्हणतोस."

"खोटं लिहिलंय त्यांनी, झेन्सी."

"नाव तर खरं आहे ना?"

इग्नात्सने पाना बराच वेळ हातात फिरवला. मग दोन्ही बोल्ट परत बसवले, नीट, शेवटच्या आट्यापर्यंत. ढिलं काम त्याच्या हातून होत नाही.

तो माणूस आता क्रूसाला पाठ टेकून जेवत होता.

"तिथून ऊठ," इग्नात्स म्हणाला.

"अरे, आभाळ तर स्वच्छ आहे."

"ऊठ म्हटलं ना."

तो पुटपुटत पाव आवरून खाली सरकला. झेन्सी दोन्ही तळवे पाटीवर ठेवून तशीच बसली होती, डोकं पोलादाला टेकवून. तिला मात्र इग्नात्सच्याने ऊठ म्हणवेना.