व्हर्लनने दाखल न केलेलं शपथपत्र

माझा धाकटा भाऊ व्हर्लन भिडस्त. इतका, की डोक्यात तिडीक जावी! अमेरिकेत, जॉर्जियातल्या आमच्या गावात छताला जिप्समचे बोर्ड बसवावेत तर त्यानेच. पण स्वतःचे पैसे मागायची वेळ आली की या बाबाची वाचाच बसायची.

नव्या दवाखान्याचं काम त्याने आमच्याच चर्चमधल्या रॉस्को टिंडलकडून घेतलं. बोर्डांसाठी राहतं घर बँकेत गहाण टाकलं. दर बिलातला दहावा हिस्सा ठेकेदार काम संपेपर्यंत राखून ठेवतो, तसा रॉस्कोनेही ठेवला. शेवटी त्या पैशांसकट मोठा चेक मिळणार होता, पण आधी सही हवी: पैसे पोचले, थकबाकीपोटी इमारतीवर आता माझा हक्क नाही. इथे सगळेच आधी सही करतात. व्हर्लननेही केली. चेक आला नाही.

अशा वेळी सहीपासून तीन महिन्यांच्या आत, पैसे मिळाले नसल्याचं शपथपत्र कोर्टात दाखल केलं तरच हक्क वाचतो. मी ते टाइप करून त्याच्यापुढे ठेवलं. नेमकी तेव्हाच रॉस्कोची आई गेली.

"ताई, त्याच्या घरात मयत झालीय आणि मी कोर्टात जाऊ? त्याला तोंड कसं दाखवू?"

"आणि बँकेला कुठलं दाखवशील?"

"रॉस्कोने शब्द दिलाय गं. जरा सावरू दे त्याला."

शपथपत्र टेबलावरच राहिलं. हा शहाणा दुखवट्याला भाजलेलं हॅम घेऊन रॉस्कोकडे गेला, शवपेटीला खांदाही देऊन आला. मग रॉस्को आज देतो, उद्या देतो म्हणत राहिला, आणि एक दिवस त्याच्या कंपनीने दिवाळं काढलं. तेव्हा कुठे व्हर्लन माझ्याबरोबर वकिलीणबाईंकडे आला.

"मुदत गेल्या आठवड्यात संपली," त्या म्हणाल्या. "आता इमारतीपुरते तुमचे पैसे पोचलेत, असं कायदा धरून चालतो."

"पण पोचले नाहीत ना!" मी ओरडले.

"माहितीय हो मला."

रॉस्कोवर दावा लावून तरी काय मिळणार होतं?

घराचा लिलाव मंगळवारी, कोर्टाच्या पायऱ्यांवर झाला. मला रडू आवरेना. व्हर्लन मात्र घर घेणाऱ्या माणसाजवळ गेला. वाटलं, आता तरी हा भांडेल.

"मागचं दार जरा उचलून लावा," तो हळूच म्हणाला, "नाहीतर कडी बसत नाही."