हजेरी केळीच्या बागेत

मी प्रोबेशन अधिकारी. बांधाच्या भांडणात एकाचा हात मोडणाऱ्या, धुळ्याकडच्या एका तरुणाला कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं आणि माझ्या देखरेखीखाली दिलं. दर महिन्याला त्याने जळगावच्या आमच्या ऑफिसात हजेरी द्यायची. ती लागोपाठ चुकली.

"कोर्टाला कळवून टाका, मॅडम," साहेब म्हणाले. कळवलं असतं तर हमी रद्द आणि तो आत. मला काही ते पटेना. तो फैजपूरकडे केळी कापायला जातो एवढं कळलं होतं, सरळ तिकडची एसटी पकडली.

तो केळीच्या बागेत सापडला. खांद्यावर घड, सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. बाजूला घेऊन मी त्याला चांगला झापला.

"अरे, फोन करायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

"ताई, कापणी कुठे ते आदल्या संध्याकाळी कळतं. नाही म्हटलं की टोळीत दुसरा माणूस उभा. आणि मुकादमाला सांगू काय, कुठे चाललो म्हणून?"

डोकंच फिरलं माझं, पण आता आमच्या कारभारावर. माणूस कामाला लागावा म्हणून सोडायचा आणि हजेरीपायी त्याचं काम घालवायचं? ही कुठली सुधारणा!

ऑफिसात मी साहेबांशी भांडले. "मी बागेत जाऊन हजेरी घेईन."

"उद्या सगळेच मागतील!"

"मागू द्या की!"

शेवटी ते कुरकुरत कबूल झाले. अट एकच, चोरून भेटायचं नाही, मुकादमाला माहीत हवं.

त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे काम गेलंच समजा, ताई."

"मी सोबत उभी राहते. पण सांगायचं तूच," मी ठणकावलं. आतून मीही घाबरले होते.

टोळीचा मुकादम उतारवयाचा, सगळे त्याला नाना म्हणत. याने मान खाली घालून सगळं सांगितलं, कोर्टसुद्धा. नानांनी हातातला कोयता थांबवला.

"बठ्ठासले ठाऊक शे रे," ते म्हणाले. म्हणजे सगळ्या टोळीला आधीच माहीत होतं! मग माझ्याकडे वळले, "गाडी भरू द्या ताई, मंग ल्या हाजरी."

ऑफिसात तोच माझ्यासाठी बाकावर ताटकळायचा. आता त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, घड उचलला आणि गाडीकडे पळाला. मी बांधावर बसले, गाडी भरायची वाट बघत, आणि खरं सांगते, रडले.