भोंगा मावशीचं तारण

मावशीचं एक गुपित वस्तीतल्या अकरा जणांना माहीत आहे, आणि अकराही जणांची ठाम समजूत आहे की ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. एरवी मावशीची ख्याती अशी, की तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाची मुकादमाशी जुंपली, कोण घरी फोन करून रडला, कुणाच्या खोलीत सहा खाटांत सातवा माणूस घुसला, हे तिला तळमजल्यावर कळावं आणि ती जिना चढेपर्यंत गच्चीवरच्यांनी तिलाच सांगावं. म्हणून पाठीमागे तिला भोंगा म्हणतात. तोंडावर अर्थात मावशी, कारण भोंग्याशी वैर कोण घेणार!

दिवसभर ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात असते. दोघींनी ओली चादर कोपऱ्यांना धरायची, झटकायची आणि तापलेल्या रुळाच्या तोंडी द्यायची. चादर आत जाते, वाफ वर येते. दुपार कलली की वाफ इतकी साठते, की समोरच्या बाईचे नुसते हात दिसतात, बाकी बाई ढगात. त्या ढगातून मावशीचा नवरा येतो. गिलावा करणारा गडी, हाताचे पंजे थाळ्याएवढे. येतो, चादरीचा एक कोपरा धरतो, बोलत काहीच नाही. मावशीच बोलते.

"कुणाशी गं?" जोडीदारीण विचारते.

"चादरीशी. तुझ्यापेक्षा बरं ऐकते."

नवऱ्याला जाऊन चौदा वर्षं झाली. दोघं या परक्या देशात नवीन होती, इथली भाषा दोघांनाही येत नव्हती. तो ताप म्हणायचा, दवाखान्यातले घसा बघायचे. तो पोटाला हात लावायचा, ते पित्ताचं औषध द्यायचे. खरा आजार कळला तेव्हा पंज्यांची नुसती हाडं उरली होती. त्यानंतर मावशी हट्टाला पेटली आणि भाषा शिकली. आधी शिव्या, मग भाजीचे भाव, शेवटी शरीराचे अवयव.

त्यामुळे चौकातल्या दवाखान्यात दर गुरुवारी दुपारी बाहेरून आलेल्या कामगारांसाठी गुप्तरोगांची आणि एचआयव्हीची फुकट तपासणी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुभाषी म्हणून मावशीलाच खुर्ची दिली. वस्तीने कपाळाला हात लावला. आतलं दुखणं काय आता भोंग्यात सांगायचं? पहिले तीन गुरुवार बाकावर फक्त ऊन येऊन बसलं, थोडं सरकलं आणि निघून गेलं.

चौथ्या गुरुवारी लटक्या आला. लटक्या म्हणजे उंच इमारतींच्या काचा पुसणारा, दोराला लटकलेला असायचा म्हणून लटक्या. काचेत ढग यायचे आणि हा ढगांवरून फडकं फिरवायचा. खाली उतरला तरी त्याचे पाय जमिनीला नीट टेकत नसत, असा माणूस. दोन वर्षांत घरी गेला नव्हता. आता बायकोचे कागद झाले होते आणि महिन्याभरात ती कायमची येणार होती.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मावशीने तेच आपल्या भाषेत विचारलं.

लटक्याने मावशीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "गुडघा."

"गुडघा?"

"दुखतो."

मावशीने तसं सांगितलं. बाईंनी गुडघा वाकवला, सरळ केला, ठोकला. असा ठणठणीत गुडघा त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा. पुढच्या गुरुवारी दुसरा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी कोपर.

"मेल्या," बाहेर पडताना मावशी म्हणाली, "आता कानाची पाळी का?"

तो हसला, पण मावशीची नजर त्याच्या कमरेवर होती. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं, आणि तरी पँट घसरत होती. असा पट्टा तिने पूर्वी एकदा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात वाफेतून नवरा आला नाही. लटक्या आला, हवेत तरंगत, हातात फडकं घेऊन. तो तिच्यासमोरची वाफ पुसत होता आणि पुसेल तेवढी पुन्हा दाटत होती. चादरीला चुणी पडली, मुकादमीण ओरडली, तेव्हा कुठे मावशी जमिनीवर आली. लटक्याची बायको यायला नऊ दिवस उरले होते.

रविवारी भर उन्हात तो गच्चीवर दोर वाळत घालत होता. मावशी धापा टाकत वर आली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली.

"तुला भीती कशाची वाटते रे? आजाराची की माझी?"

लटक्याने दोराची एक गाठ उगीचच सोडली, पुन्हा बांधली.

"खरं सांगू? तुमची. आजार एकदाच मारेल. तुम्ही जिन्याच्या पायरीपायरीवर माराल. मुकादमाला कळलं की कागद काढून घेऊन घरी धाडतील. आणि ती बिचारी विमानात बसायच्या आधीच तिला चार जणी सांगतील."

मावशीला हसू आलं आणि लागलंही.

"शपथ घेते, बाबा, कुणाला..."

"तुमच्या शपथा इथेच वाळत पडल्यात, मावशी. दोराला जागा नाही मिळत."

"बरं, शपथ नको. तारण घे."

तिने कमरेच्या पिशवीतून छोटी गोल डबी काढली, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरली. आत गोळ्या.

"डोकेदुखीच्या?"

"चौदा वर्षं डोकं दुखतं का कुणाचं? नवरा ज्याने गेला तेच माझ्याही रक्तात आहे. एचआयव्ही. रोज एक गोळी घेते. वस्तीत कुणाला माहीत नाही. लोकांच्या इतक्या बातम्या वाटते मी, की माझी बातमी विचारायला कुणाला सवडच मिळत नाही."

लटक्या बघतच राहिला. ती डबी पाहणारा अकरांतला तो पहिला. दोन्ही काखांत चादरींच्या टोपल्या मारून जिना चढणारी ही बाई!

"पण तुम्ही तर चांगल्या धडधाकट..."

"मग? गोळी घेते, जेवते, भांडते. मी तुझं फोडलं तर तू माझं फोड. तळमजल्यावर उभा राहा, कसं सांगायचं ते शिकवते मी तुला."

गुरुवारी त्याने सांगितलं. वर्षभरापूर्वी सोबत्यांबरोबर तीनदा एका बाईकडे गेला होता, काळजी काही घेतली नव्हती. मग ताप, जांघेत गाठी, उतरत चाललेलं वजन. मावशीने शब्दाला शब्द सांगितला, पदरचा एकही घातला नाही. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर पडला. वाट बघताना लटक्या खिडकीबाहेरच्या ढगाकडे असा बघत होता, जणू त्याच्यावरचा डाग राहून गेलाय. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. बाईंनी वेगळ्या प्रकारची दुसरी तपासणी केली. उत्तर तेच.

मग बाई बराच वेळ बोलल्या आणि मावशी त्यांच्या मागोमाग. औषध आजच सुरू. अहवाल मुकादमाकडे जाणार नाही, कुणाकडेच जाणार नाही. गोळी एकही दिवस चुकवायची नाही. नेमाने घेतली तर काही महिन्यांत रक्तात विषाणू सापडेनासा होतो, आणि तसाच सापडेनासा राहिला की बायकोला लागण होत नाही. तोवर कंडोम, हे मावशीने छताच्या पंख्याकडे बघत सांगितलं.

"तिला काय सांगू?" लटक्याने विचारलं. "येऊच नको म्हणू?"

मावशीने ते बाईंना सांगितलं, बाईंचं उत्तर ऐकलं आणि त्याच्याकडे वळली. "सांगायचं तूच. पण निघायच्या आधी कळायचा तिचा हक्क आहे. यायचं की नाही ते तिला ठरवू दे."

"हे बाई म्हणाल्या की तुम्ही?"

"बाई. मीही तेच म्हटलं असतं, पण मला पगार त्यांचं बोलायचा मिळतो."

तो फोन घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर गेला. भिंतीपलीकडची कुजबुज ऐकणारी मावशी उठली, बाहेर आली, आणि सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. मध्ये वाहनं जात होती. त्यांच्या फटींतून लटक्या तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. बोलणारा. खाली बसलेला. फोन या कानाचा त्या कानाला. मग नुसताच ऐकणारा. उन्हात त्याच्या कडा विरघळत होत्या. एक मोठा ट्रक आला, आणि तो गेल्यावर ओट्यावर कुणीच दिसेना. मावशीने टाचा उंचावल्या.

लटक्या रस्ता ओलांडत होता.

"रडली," तो म्हणाला. "मग शिव्या घातल्या. माझ्या आईबापांना, मला, त्या दोरालासुद्धा. मग पुन्हा रडली."

येतेय की नाही, हे मावशीने विचारलं नाही.

"येतेय. माफ केलेलं नाही म्हणाली, ते तिथे येऊन ठरवते. गादी वेगळी टाक. आणि तिचीही तपासणी इथेच करायची." त्याने मूठ उघडली. घामेजलेल्या तळव्यावर एक गोळी होती. "आणि ही घेतल्यावर लगेच कळव म्हणाली. वाट बघतेय ती."

"मग घे ना, गाढवा!"

"पाणी नाही."

मावशी पाणी आणायला निघाली. इतकी लगबगीने, की मोटारवाल्याला करकचून ब्रेक दाबावा लागला. त्याला तिने त्याच्याच भाषेत दोन शब्द सुनावले आणि दवाखान्यात शिरली.