डाव्या वळणावरचा ठसका

सबूरकाकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ नव्हता, पंखा नव्हता आणि घाई तर नव्हतीच नव्हती. कोणी गिऱ्हाईक "काका, जरा लवकर बघा हो" म्हणालं की ते मान वर न करता "सबूर" म्हणायचे, तेच नाव पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव एव्हाना त्यांचं त्यांनाही आठवत नसावं. जुन्या मोटरसायकली चाळीस वर्षं दुरुस्त करून त्यांची बोटं काळी झाली होती, पण कापसासारखी हलकी. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत फडक्यावर असे मांडलेले, की डोळे मिटून हात घातला तरी हवा तोच हाती यावा. गाडी आली की पहिलं काम ठरलेलं: हँडल सरळ करायचं आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यानं खांबाला आवळून बांधायचं. म्हणायचे, "वळवळणाऱ्या रोग्याची नाडी लागत नाही."

गावातल्या तरुण नर्सला हे लहानपणापासून पाठ. तिच्या वडिलांची गाडी याच खांबाला बांधली जायची. वडील गेले, गाडी मागे राहिली. आता लांबलांबच्या वस्त्यांवर जाऊन बाळंतिणी बघायची नोकरी तिच्या दाराशी आली होती. अट एकच, मोटरसायकलचं लायसन हवं. आणि लायसनसाठी मैदानात आखलेला इंग्रजी आठ, म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन शून्यं, काढायचा, अगदी हळू, पाय न टेकता.

पहिल्या खेपेला उजवीकडचं शून्य झोकात झालं. डावीकडच्या शून्यात शिरली तशी गाडीला ठसका लागला, दोन झटके बसले आणि इंजिन गप्प. पाय टेकला. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "बाई, गाडी चालवताय की तिची समजूत काढताय?"

ती तडक काकांकडे गेली. "काका, हळू चालीत डावीकडे वळवली की मिसिंग मारते, ठसकून बंद पडते."

काकांनी हँडल बांधलं. प्लग काढून घासला, कार्बोरेटर उघडून बारीकशा भोकात फुंकर मारली, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट पाहिली. मग किक मारून, डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसले. इंजिन कसं? झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखं. काकांनी फडक्याला हात पुसले.

"गाडी ठणठणीत आहे, पोरी. डावीकडे वळताना उजवा हात ताणला जातो, कापतो, आणि तू घाबरून अ‍ॅक्सिलेटर सोडतेस. यंत्र खोटं बोलत नाही."

काकांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. नर्सनं मान खाली घातली. पंधरा दिवस रोज सकाळी ती मोकळ्या रस्त्यावर स्वतःच्या हाताला शिव्या घालत हिंडली. रस्ता रुंद, वळणं ऐसपैस. तिथं गाडी शहाण्यासारखी वागायची. दुसऱ्या परीक्षेत पुन्हा डावं शून्य, पुन्हा ठसका, पुन्हा पाय जमिनीवर.

"भंगारात घाल ती धोंड," आई म्हणाली. "आणि हात कापतो म्हणतेस, तर सुया कशा टोचतेस गं लोकांना?"

आई बोलली ती टोमण्यात, पण नर्सच्या मनात ते रुतून बसलं. खरंच, रडणाऱ्या बाळाची केसाएवढी शीर तिला एका झटक्यात सापडते, तेव्हा हात कापत नाही. मग इथंच कसा कापतो? गुरुवारी तिसरी परीक्षा. त्यात नापास झाली तर नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला मिळणार होती.

ती शेडमध्ये गेली ती ठसक्यातच. "काका, माझा हात कापत नाही."

"अगं, मी ऐकलंय ना इंजिन—"

"इंजिन ऐकलंत. माझा हात कुठे बघितलात?"

शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं चहा पीत होती, त्यांचे पेले हातातच थांबले. काकांना असं कोणी बोललं नव्हतं. ते उठले, गाडी स्वतः अंगणात काढली आणि म्हणाले, "बस. चालव हळू."

गाडी निघाली. काका उजव्या अंगानं बरोबर चालू लागले आणि अ‍ॅक्सिलेटरवरच्या तिच्या मुठीवर त्यांनी आपला तळवा ठेवला. उजवं वळण झालं. डावं आलं. हँडल पुरतं वळलं, आणि गाडी ठसकली, धडपडली, बंद पडली.

काका तसेच उभे. हात अजून तिच्या मुठीवर. त्या तळव्याखाली मूठ तीळभरही हलली नव्हती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी," ते हळूच म्हणाले. मग चहा पिणाऱ्या गिऱ्हाइकांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं, "पोरीचा हात दगडासारखा स्थिर आहे. चूक माझी. यंत्र खोटं बोलत नव्हतं, मीच त्याचं तोंड खांबाला बांधून ठेवत होतो."

ज्या माणसाच्या शब्दावर लोक गाड्या विकत घेत, तो चारचौघांत आपला शब्द असा सहज खाली ठेवेल, हे नर्सला स्वप्नातही वाटलं नसतं.

पण खरं नवल पुढेच होतं. काकांनी गाडी चालू केली, हँडल मोकळंच ठेवलं. दिव्याच्या मागं, जिथं हँडल फिरतं, तिथं वायरींचा जुडगा होता. डोळे मिटून ते एकेक वायर दोन बोटांत धरून इंच इंच दाबत गेले, जशी ती स्वतः शीर चाचपते तशी. लाल झाली, पिवळी झाली. काळी वायर अर्ध्यावर आली आणि इंजिन खोकलं. बोट उचललं, सुरळीत. दाबलं, खोकलं.

"इथं," काका म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच.

वरून वायर नव्यासारखी गुळगुळीत. चाकूच्या पात्यानं चिरली, तर आत तांब्याच्या तारा तुटून विखुरलेल्या, एखाददुसरी कशीबशी टेकलेली. हँडल डावीकडे पुरतं वळलं की वायर ताणायची आणि ती टोकं एकमेकींना सोडायची, की वीज तुटून इंजिन गप्प. वेगात कोण हँडल इतकं वळवतो? म्हणून दुखणं फक्त हळू चालीत. नर्स त्या केसाएवढ्या तारांकडे बघतच राहिली. बाहेरून काही दिसत नसताना या माणसाच्या बोटांना ते दिसलं होतं.

काकांनी नवा तुकडा जोडला, वळायला ढिला सोडला.

घरी ऐकून आई पदर सावरत खालीच बसली. "अगं बाई! शेवटच्या वर्षी तुझे बाबा बाजारातून लांबच्या रस्त्यानं यायचे. मी म्हणायचे, कुठे रेंगाळता? म्हणजे जवळच्या वाटेवरच्या अरुंद बोळात डावीकडे गाडी वळत नसणार. आणि मी मेली भांडले!" ती हसली, मग डोळे पुसले.

गुरुवारी काका शेड बंद करून मैदानावर आले. चाळीस वर्षांत असं कोणी बघितलं नव्हतं. नर्स निघाली. उजवं शून्य झालं. मधली गाठ ओलांडली. डावीकडे हँडल वळलं, अजून वळलं, पार टोकाला टेकलं. इंजिन एका सुरात चाललं होतं. पांढरी रेघ चाकाजवळून संथ सरकत गेली आणि पाय जिथं होते तिथंच राहिले.

साहेबांनी कागदावर सही केली, पण गाडी काही थांबेना. ती पुन्हा डाव्या शून्यात शिरली होती.

"अहो बाई, पास झालात! उतरा आता!"

कुंपणापलीकडून काका म्हणाले, "जाऊ द्या हो साहेब, अजून एक आठ घेऊ द्या तिला."

तिनं दोन घेतले.