जुन्या यंत्राने दाखवलेली जागा

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, हे सांगायला कुणाला भूगोल शिकवावा लागत नाही. तरी माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं बोटीवरच्या वायरी जोडण्यात गेली. धरणाच्या जलाशयात गाळ किती साचला ते मोजायला आमच्या उपविभागाकडे एक बोट होती आणि मी तिथला वायरमन. लग्नकार्यात कुणी काय करता विचारलं आणि मी खरं सांगितलं की लोक हसायचे. बोरी अरबच्या एका पाहुण्याने तर पंगतीत विचारलं होतं, "मंग हाफिसात मासेच पकडता का हो?" मीही हसायचो. आता कुणी विचारलं तर सांगतो, पंप बघायचो.

बोटीवर जागा दाखवणारा एक जुना संच होता. आकाशातल्या उपग्रहांकडून खुणा घेऊन तो आपले अक्षांश-रेखांश सांगायचा. काळी-पांढरी काच, चार बटणं, आणि चालू व्हायला चहा उकळेल एवढा वेळ. मग नवीन सामान आलं. मोठी रंगीत काच, नवी ॲन्टेना, पाण्याच्या तळाचं चित्र काढणारं खोलीचं यंत्र, आणि या सगळ्यांना जोडणारी एकच जाड केबल. नवं आलं म्हणजे जुनं काढायचं, असं कोणीही शहाणा म्हणेल. पण आमच्याकडे जडवस्तू नोंदवही असते. जुना संच तीत चढलेला, 'बोटीवर बसविलेला, चालू' असा. त्याचं निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे वहीतून तो रीतसर कमी होईपर्यंत, दरवर्षीच्या पडताळणीला तो तिथेच बसलेला आणि चालू दिसायला हवा. कपाटात सापडला तर वायरमनचा खुलासा मागणार. खुलासे लिहिण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं, म्हणून मी त्याला काढला नाही.

नुसता ठेवला असता तरी भागलं असतं. पण माझ्या अंगात खाज. जुन्याची बोली वेगळी, नव्याची वेगळी. दोघांच्या मध्ये काडेपेटीएवढी एक डबी बसवली की जुन्याचं बोलणं नव्याला कळतं. मी तिला दुभाष्या म्हणायचो. ती बसवली आणि जुना संच नव्या काचेवर बोलू लागला. नवी ॲन्टेना कधी बंद पडलीच, तर काच आपोआप जुन्याकडून जागा घेणार. दोन बैल आहेत तर दोन्ही जुंपा, असा माझा हिशेब. साहेब बघायला आले तेव्हा मी छाती फुगवून दाखवलं. एक मात्र तपासलं नाही. त्यावर पुढे येतोच.

बोट चालवायला भोई समाजाचे एक काका होते, साठीच्या पुढचे. ते काचेकडे बघतच नसत. काठावरच्या दोन वस्तू, गावाची पाण्याची टाकी आणि एखादं झाड अशा, एका रेषेत धरायच्या आणि जागा लक्षात ठेवायची, ही त्यांची रीत. फार महत्त्वाची जागा असली तर दोरीला दगड बांधून रिकामी प्लास्टिकची कॅन पाण्यावर सोडायची. मला त्या कॅनची लाज वाटायची. एवढी यंत्रं लावलेल्या बोटीवरून तेलाची कॅन सोडायची म्हणजे काय!

दिवाळीच्या आधी काकांच्याच वस्तीतला चाळिशीचा एक माणूस संध्याकाळी जाळी बघायला गेला. डोंगी उलटी सापडली, माणूस नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्हाला बोलावणं आलं. त्याची आई काठावर पाय पसरून बसली होती. रडणं संपलेलं होतं. काकांना तिने एवढंच सांगितलं, "भाऊ, तो गेला हे मले समजलं. मले फक्त त्याचं तोंड पाहू द्या." पाण्यावर जगणाऱ्या माणसांना यातलं सगळं कळतं. पहिल्या दिवशी काढला तर चेहरा चेहरा असतो. नंतर पाणी आणि मासे काय करतात ते सांगायची गरज नाही.

तासाभरात तळाच्या चित्रावर मला आडवी, लांबट सावली दिसली. सपाट गाळावर तेवढी एकच. मी इंजिन हळू करायला सांगितलं, पुन्हा वरून गेलो, पुन्हा दिसली. मी बटण दाबून खूण केली. काकांनी पायाशी पडलेली कॅन उचलली.

"राहू द्या ना काका," मी म्हणालो. "खूण झाली. काठावर साहेब लोक हायेत, पोलीस हायेत. काय म्हन्तील?"

त्यांनी कॅन खाली ठेवली. पाणबुडे जिल्ह्याच्या गावाहून दुपारी येणार होते. आम्ही काठाला लागलो आणि बॅटरी वाचावी म्हणून मी सगळं बंद केलं.

दुपारी पाणबुड्यांना घेऊन निघालो. काचेवरची खूण आणि आमची बोट एकमेकांवर आली, मी हात वर केला. काका इकडेतिकडे बघत राहिले.

"भाऊ, थे जागा नोहे हे. सकाळी टाकी पळसाच्या मांगं लपली होती. आता मोकळी दिसून राह्यली."

"काका, उपग्रहाले तुमच्यापेक्षा जास्त दिसते."

पाणबुडे हसले. खोलीही सकाळपेक्षा कमी दाखवत होती; मी म्हटलं, तळ काय, वरखाली असतोच. पाणबुडे अंधार पडेपर्यंत बुडत राहिले. गाळ आणि बुडालेल्या बाभळींची खोडं, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशीही तिथेच, त्याच खुणेभोवती. सावली म्हणजे खोडच असेल, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपला आपणच वर आला. टाकी पळसाच्या मागे लपते तिथे. माझ्या खुणेपासून अंतर एवढं, की शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारावी.

काठावर आणण्याआधीच त्याला कापडात गच्च बांधला. आई उठली, दोघींनी तिला धरलं. "नको पाहू माय," बाया म्हणत होत्या. तिने पाहिलं नाही. पाहू दिलंच नाही.

त्या आठवड्यात मी जुना संच टेबलावर घेतला. नव्या ॲन्टेनाच्या जोडात पाणी शिरलं होतं. सकाळच्या ओलीत ती मुकी झाली, काचेने मुकाट्याने जुन्याकडून जागा घेतली. दुपारच्या उन्हात जोड सुकला आणि नवी पुन्हा बोलू लागली. तरीही दोघांनी एकच जागा सांगायला हवी होती. मग मी जुन्याच्या सेटिंगची यादी उघडत गेलो, आणि शेवटच्या पानावर सापडलं. जुन्या सरकारी नकाशांची अक्षांश-रेखांशाची मोजणी वेगळी असते. आमचे जलाशयाचे नकाशे त्याच मोजणीचे होते, म्हणून कित्येक वर्षांपूर्वी तो संच त्या मोजणीवर लावला होता. लावणारा मीच. नवी ॲन्टेना उपग्रहाच्या मोजणीत बोलते. सकाळची खूण एका मापाची, दुपारची बोट दुसऱ्या मापाची. दुभाष्या बिचारा आकडे पोचवतो, ते कुठल्या मापाचे हे त्याला कोण सांगणार? ते सांगणं माझं काम होतं.

अहवालात 'यंत्रणा कार्यरत होती' असं लिहिलं गेलं. ते खोटंही नव्हतं. मी फक्त काकांना सांगितलं, बोटीवर, मान खाली घालून. वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चूक माहीच हाय भाऊ," ते म्हणाले. "एकदाच बोललो. माह्या वस्तीतलं लेकरू होतं. दुसऱ्यांदा बोलाले पाह्यजे होतं."

मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही.

तेरवी झाल्यावर एका दुपारी ती आई काकांच्या सोबत कार्यालयात आली. व्हरांड्यात बसली, पाणी प्यायली. मला वाटलं तिला कळलं. मी मनात वाक्यं जुळवू लागलो, की आई, माझ्यामुळे झालं. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"मशीनवर तुमालेच दिसला होता म्हन्तात तो. पयल्या दिवशी."

"हो."

"मंग तुमी तरी पाह्यला. मले सांगा, कसा होता? तोंड कोनीकडं होतं त्याचं?"

काचेवर एक बोटभर लांब, पिवळट डाग होता. त्याला तोंड नव्हतं. काका भिंतीकडे बघत होते. आई माझ्या ओठांकडे बघत बसली होती.

"वर होतं, आई," मी म्हणालो. "झोपल्यावानी दिसत होता."

तिने दोनदा मान हलवली. मग उठली, माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो."