दुपारची बाई

आमच्या घरात एक बाई आहे, हे सगळ्यांत आधी आईला कळलं.

मे महिना होता. आमच्याकडे मे महिन्यात बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही. हिंगण्याकडच्या आमच्या लेआउटमध्ये, प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, तर असं वाटतं की माणसं घरं टाकून कुठेतरी निघून गेली आहेत. सगळ्या खिडक्यांतून कूलर घुमत असतात आणि बाहेर पांढरं ऊन एकटंच उभं असतं. काटोलकडच्या आमच्या गावात म्हातारी माणसं सांगायची, भर दुपारी बाराला विहिरीवर जाऊ नये, दुपारचं भूत रात्रीच्या भुतापेक्षा वाईट. मी पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवणारा माणूस. मला हसू यायचं.

त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा आई दाराशीच उभी होती. वडील गेल्यावर ती गाव सोडून आमच्याकडे राहायला आली होती. मोतीबिंदूमुळे तिला धुरकट दिसतं, पण कान असे की शेजारच्या घरात दूध उतू गेलेलं तिला आधी कळतं.

"बापू, तुह्या खोलीत कोनी हाये का?" तिने विचारलं.

"कोनी नाही, माय. काहून?"

"बाईचा आवाज आला. रडून राहिली होती."

"कूलरचा आवाज असन."

"कूलर रडते का गा?" आई म्हणाली आणि भिंतीला हात लावत आपल्या खाटेकडे गेली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर मनात भर दुपार होती. तो आवाज कूलरचा नव्हता, हे मला चांगलं माहीत होतं. तो माझ्या फोनमधला होता.

आता स्पष्टच सांगतो. त्या काळात माझी सेकंड शिफ्ट होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. कंपनीची बस दोन वाजता कोपऱ्यावर यायची. बायको धरमपेठेतल्या कापडाच्या दुकानात कामाला, ती साडेनऊला निघायची. मुलगा अमरावतीला होस्टेलवर. म्हणजे साडेनऊ ते दोन मी घरात एकटाच, आणि बाहेर पडवीतल्या खाटेवर आई. मी जेवून खोलीचं दार लावायचो आणि फोनवर नको ते पाहत बसायचो. सुरुवातीला दहा मिनिटं. मग तास. मग दोन तास. दोनदा बस चुकली, तेव्हा सुपरवायझरला आईच्या तब्येतीचं कारण सांगितलं. आईची तब्येत तेव्हा ठणठणीत होती.

लोकांना वाटत असेल की असा माणूस मजा मारतो. मजा पहिल्या महिन्यातच संपली होती. गजकर्ण खाजवावं तसं ते होतं. खाजवतानाच कळतं की आग होणार आहे, तरी नखं थांबत नाहीत. किती वेळा सगळं पुसून टाकलं, टेकडीच्या गणपतीसमोर शपथ घेतली, फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. बारा वाजले की हात आपोआप त्या डब्यात जायचा. मी माझ्याच हाताकडे बघत राहायचो. मनगटाला तांदळाचं पीठ लागलेलं असायचं आणि तो हात माझा वाटायचा नाही.

बायकोजवळ जाणं तर केव्हाच बंद झालं होतं. ती समोरून बोलायची आणि मला तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही. तिला वाटलं, हा थकतो. तिने माझ्यासाठी अश्वगंधा आणून ठेवली.

आईने विचारलं त्या दिवसापासून मी इअरफोन लावायला लागलो. प्रश्न मिटला असं मला वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात दुपारी दाराखालच्या फटीकडे माझी नजर गेली. फटीतून अंगणातला उजेड आत यायचा. त्या उजेडात दोन पावलांची सावली पडली होती. सावली हलत नव्हती. किती वेळ तशी होती कोण जाणे. आईच्या हातात बांगड्या नाहीत, त्यामुळे ती आल्याचा आवाज होत नाही. मी श्वास धरून बसलो. पाच मिनिटांनी सावली सरकली. दार उघडलं तेव्हा आई खाटेवर बसलेली होती आणि तोंड माझ्याकडे होतं.

"आजही आली होती थे," ती म्हणाली.

इअरफोन माझ्या खिशात होते, अजून गरम. बाहेर आवाज जाणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "माय, तुले भास होऊन राहिला."

हे वाक्य मी बोललो. माझ्या आयुष्यात मी जी काही पापं केली असतील त्यांत हे पहिल्या नंबरवर.

मग आईने तिच्या पद्धतीने इलाज सुरू केला. मीठ-मोहरी ओवाळून टाकली, उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. त्याने बाई जाईना. एका दुपारी मी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर सूप ठेवलेलं. सुपात तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी आणि हिरवं ब्लाउजपीस, नीट चौकोनी घडी घातलेलं. ओटीचं सगळं सामान.

"हे काय वं माय?"

"मले ओटी भरता येत नाही आता, तुहे बाबा गेल्यावर," आई म्हणाली. "म्हून नुसतं ठेवलं. तिचं तिनं घ्यावं अन् जावं. उपाशी असन बिचारी, दुपारच्या टायमालेच येते."

विधवेने ओटी भरू नये हा नियम आईने मोडला नव्हता, आणि त्या बाईला रिकाम्या हातानेही पाठवायचं नव्हतं. मी ते सूप ओलांडून बस पकडायला गेलो. त्या दिवशी प्रेस चालवताना, शंभर टनांचे ठोके पडत असताना, मला मशीनच्या मागून कोणीतरी रडल्याचा आवाज आला. मशीन थांबवून मी मागे पाहिलं. मागे भंगाराचा ट्रे होता, दुसरं काही नव्हतं. फोन तर गेटवरच्या लॉकरमध्ये जमा होता.

जूनमध्ये बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितलं, "आईचं काही खरं दिसत नाही. शेजारच्या काकूंले सांगून राहिल्या होत्या, आमच्या घरात बाई हाये म्हून. दाखवावं लागन."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी मान हलवली.

रामदासपेठेतल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरकडे आम्ही आईला नेलं. त्यांनी आईला बरंच काही विचारलं. आईने सगळं खरं सांगितलं. न दिसणारी बाई, बंद खोली, दुपार, रडणं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "घरात दुसऱ्या कोणाला हा आवाज ऐकू येतो?"

"नाही," मी म्हणालो.

आईला गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत शेजारचं दूध उतू गेलेलं ऐकणारी माझी आई तोंड अर्धवट उघडं ठेवून खाटेवर बसायला लागली. तिचे हात थरथरायचे. भाजी निवडायला बसली की जुडी मांडीवर तशीच राहायची. पण बारा वाजले की ती भिंत धरत धरत उठायची आणि सूप उंबऱ्यावर ठेवायची. तांदूळ अर्धे सांडायचे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, महिन्याने या, आवाज तसाच असेल तर डोस वाढवू.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती कशी देतात ते मी आतून दार लावून पाहत होतो. हो, तेव्हाही माझं दार लागतच होतं. लाज वाटली की सुटेल असं मला वाटायचं. उलट लाज वाटली की ती विसरायला मी पुन्हा तिथेच जायचो.

महिन्याने पुन्हा तिघं रामदासपेठेत गेलो. आईला नर्सने वजनाला नेलं, बायको बाहेर बाकावर बसून राहिली. केबिनमध्ये मी एकटा. डॉक्टरांनी पेन काढलं आणि विचारलं, "आवाज कमी झाला का?"

ते पेन कागदाला टेकलं तेव्हा मला मशीन शॉपमधला माझा एक सोबती आठवला. आमच्या प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं असतात, दोन्ही दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात आत राहत नाही. काम लवकर व्हावं म्हणून त्याने एक बटण टेप लावून दाबून ठेवलं होतं. मी ती टेप पाहिली होती. उद्या बोलू म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याची तीन बोटं गेली. मी त्याच्या शेजारच्याच मशीनवर होतो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "आईला भास होत नाही. तो आवाज खरा होता. माझ्या फोनचा होता."

बोलायला लागलो तसं सगळंच बाहेर आलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी विचारलं, "यात आनंद मिळतो तुम्हाला?"

"आता नाही."

"मग नाही पाहिलं तर काय होतं?"

"एका जागी बसवत नाही."

"किती वाजता?"

"बारा, साडेबारा."

"आणि दोन वाजता काय असतं?"

"बस," मी म्हणालो. आणि मला रडू फुटलं. बस म्हणजे कारखाना, कारखाना म्हणजे तो प्रेस, आणि पत्र्यावर पडलेली ती तीन बोटं. त्या अपघातानंतर मी एकदाही सुट्टी घेतली नव्हती आणि कोणाजवळ एक शब्द बोललो नव्हतो. फोनचं सगळं सुरू झालं ते त्याच महिन्यात. मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "तुमची इच्छा जास्त आहे म्हणून हे होत नाही. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, कामाचं, घराचं नुकसान दिसतं तरी सुटत नाही, तेव्हा त्याला आजार म्हणायचं. पाप म्हणत बसलात तर लपवाल. लपवलंत की वाढेल. वेळ लागतो, पण यातून माणसं बाहेर येतात." मग म्हणाले, "आईंच्या गोळ्या मी हळूहळू कमी करतो. पण त्यांना सांगणार कोण?"

"इअरफोन लावल्यावरही तिला ऐकू यायचं, ते कसं?" मी विचारलं.

"रोज त्या वेळेला दाराला कान लावून बसलं की कान ऐकायला लागतात," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "तुम्हालाही ऐकू येतो ना?"

मला मशीनमागचा तो भंगाराचा ट्रे आठवला.

बायकोला मी दवाखान्याबाहेर, चहाच्या ठेल्यामागे उभं राहून सांगितलं. आई रिक्षात बसलेली होती. बायकोने शेवटपर्यंत ऐकलं. ती म्हणाली, "माझं मी पाहून घेईन. पण त्या म्हाताऱ्या बाईले तुम्ही पागल ठरवलं? मह्या हातानं गोळ्या खाऊ घातल्या मी तिले." मग ती आईशेजारी जाऊन बसली आणि अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

आईला सांगायला मला तेवढेच दिवस लागले. गोळ्या कमी झाल्या, तिचे हात जरा थांबले, तेव्हा रविवार पाहून मी बाराला दार उघडं टाकून उंबऱ्याच्या आत बसलो. ती सूप घेऊन आली. बायको आतल्या दाराशी उभी होती.

"माय, बस," मी म्हणालो. "थे बाई भूत नव्हती. फोनमधली होती. मी वाईट पाहत होतो फोनवर. तू बरोबर आयकलं. मीच खोटं बोललो."

आई सूप खाली टेकवून बसली. मग तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं. "म्हंजे मी पागल नाही," ती म्हणाली.

"नाही, माय."

तिने माझं डोकं चाचपलं, लहानपणी ताप पाहायची तसं. मला वाटलं, झालं, सुटलो. तिने सूप मांडीवर घेतलं आणि ब्लाउजपिसाची घडी पुन्हा नीट केली.

"पन मंग थे रडून काहून राहिली होती, बापू?"

शेकडो दुपारी मी तो आवाज ऐकला होता, शेवटी शेवटी तर कानाच्या अगदी आत. धुरकट डोळ्यांच्या म्हातारीला बंद दाराबाहेरून जे कळलं, ते मला त्या खोलीत एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"मले माहीत नाही, माय," मी म्हणालो. "मी कधी आयकलंच नाही."

आईने सूप उचलून मागे धरलं. "तू भर वं तिची ओटी," ती बायकोला म्हणाली, "तुले चालते." बायको पुढे आली, सूप हातात घेतलं, आणि आमच्या तिघांच्या मधल्या रिकाम्या उंबऱ्याकडे पाहत उभी राहिली.